हस्तक्षेपाचा रकाना

माझ्या सौद्यांच्या वहीत सात रकाने आहेत. तारीख, शेअर, संख्या, खरेदीचा भाव, विक्रीचा भाव आणि नफा-तोटा हे सहा रकाने कोणाच्याही वहीत असतात. सातवा मी जुलै २०२४ मध्ये लाल शाईने आखून घेतला आणि त्याला ‘हस्तक्षेप’ असे नाव दिले. नियमाने सांगितलेला सौदा जसाच्या तसा केला असेल, तर हा रकाना कोरा राहतो. नियम बाजूला ठेवून मी स्वतःच्या मनाने काही केले असेल, म्हणजे लवकर विकले, विकायचे टाळले, घेतलेच नाही किंवा जास्त घेतले, तर तिथे त्याचे कारण लिहायचे आणि नियम पाळला असता तर काय झाले असते, तो आकडाही शेजारी लिहायचा, अशी पद्धत मी ठेवली आहे. नियमबद्ध स्वयंचलित ट्रेडिंग चांगले की स्वतःच्या विवेकाने केलेले, या वादावर मी गेली काही वर्षे बरेच वाचले आणि ऐकले आहे. पण मला जे थोडेफार खात्रीने कळले, ते या एका रकान्यातून कळले.

शेअर बाजारात पडण्यापूर्वी मी बावीस वर्षे भोसरीच्या एमआयडीसीत गुणवत्ता विभागात काम केले. तिथला एक अनुभव सांगितल्याशिवाय पुढचे म्हणणे स्पष्ट होणार नाही. सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर शाफ्ट कातण्याचे काम चालू असते. ऑपरेटर नवा आणि मनापासून काम करणारा असला, की तो प्रत्येक जॉब, म्हणजे तयार झालेला नग, मायक्रोमीटरने मोजतो. व्यास पाच मायक्रॉनने (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त भरला, की लगेच तेवढा ऑफसेट, म्हणजे यंत्राच्या मापात दुरुस्ती, उलट दिशेने देतो. पुढचा जॉब चार मायक्रॉनने कमी भरला, की पुन्हा ऑफसेट बदलतो. पाहणाऱ्याला वाटते, किती दक्ष माणूस आहे. पण शिफ्ट संपल्यावर त्याच्या जॉबची मापे शेजारच्या, कोणी हात न लावलेल्या यंत्रापेक्षा जास्त पसरलेली निघतात. यंत्र स्थिर असते, मापांत होणारी बारीक चढउतार त्याच्या स्वभावाचाच भाग असते, आणि ऑपरेटर मात्र त्या प्रत्येक चढउतारीला चूक समजून दुरुस्त करत बसलेला असतो. गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग हे नरसाळे आणि गोटी घेऊन दाखवत असत. गोटी नेमापासून जितकी लांब पडली तितके नरसाळे प्रत्येक वेळी उलट बाजूला सरकवले, तर गोट्यांच्या फैलावाचे गणिती माप, म्हणजे व्हेरियन्स, कमी होण्याऐवजी दुप्पट होते. त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, वॉल्टर शूहार्ट यांनी कंट्रोल चार्ट मांडला तो याच कारणासाठी: कोणती चढउतार नेहमीची आहे आणि कोणत्या चढउतारीमागे विशेष कारण आहे, हे वेगळे ओळखता यावे आणि दुसऱ्या प्रकारातच हात घालावा.

बाजारात आल्यावर मी नेमकी त्या नव्या ऑपरेटरसारखी वागत होते, हे कळायला मला चार वर्षे लागली.

माझी पद्धत साधी आहे. मोठ्या, रोज भरपूर उलाढाल होणाऱ्या शेअरांपैकी एखादा गेल्या ५५ दिवसांच्या उच्चांकावर बंद होत असेल, तर तो घ्यायचा. आणि २० दिवसांच्या नीचांकाखाली बंद होत असेल, तर विकायचा. यात माझे स्वतःचे काही नाही. १९८३ मध्ये शिकागोच्या ट्रेडर रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांच्यात, ट्रेडिंग शिकवून येते की ते अंगातच असावे लागते, असा वाद झाला आणि तो मिटवण्यासाठी त्यांनी काही नवख्या माणसांना जे नियम शिकवले, त्यांतलाच हा एक. नियम सर्वांना सारखे मिळाले, तरी निकाल सर्वांचे सारखे आले नाहीत. हे वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले होते. आता मुळीच वाटत नाही.

या पद्धतीत दहापैकी सहा सौदे तोट्यात जातात आणि उरलेल्या चारांपैकी एखाददुसरा इतका मोठा होतो, की वर्ष तरून जाते. कागदावर हे वाक्य सोपे आहे. सलग सात तोटे झाल्यानंतर आठवा सौदा घेण्याची वेळ येते, तेव्हा हात उचलत नाही. आणि वर्ष तारणारा सौदा बहुधा तोच आठवा असतो. उलट बाजूला, चार दिवसांत नऊ टक्के नफा दिसू लागला, की तो हातातून जाईल या भीतीने विकावेसे वाटते. हर्ष शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये या प्रवृत्तीचे वर्णन केले आणि टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये एका अमेरिकी दलालाकडच्या १०,००० खात्यांच्या नोंदींवरून ती मोजून दाखवली: लोक नफ्यातले शेअर तोट्यातल्या शेअरांपेक्षा सुमारे दीडपट उत्सुकतेने विकतात. आपल्याकडे तोट्यातला शेअर ‘ॲव्हरेज’ करण्याची, म्हणजे पडत्या भावात आणखी घेण्याची जी सवय घरोघरी दिसते, ती याच प्रवृत्तीचा पुढचा टप्पा आहे.

४ जून २०२४ हा दिवस मात्र तपशिलाने सांगायला हवा, कारण लाल रकाना त्या दिवसामुळे आला. लोकसभेची मतमोजणी होती. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी सव्वातीन टक्क्यांनी वर जाऊन २३,२६४ वर बंद झाला होता. तेव्हा नियमाप्रमाणे सौदे सांगणारा माझा संगणकावरचा प्रोग्रॅम तयार होता, पण ऑर्डर मी स्वतःच टाकत असे. माझ्याकडे अकरा शेअर होते. नियमाप्रमाणे मला दुपारी ३:२० पर्यंत, म्हणजे बाजार बंद होण्याच्या जरा आधीपर्यंत, काहीच करायचे नव्हते, तरी सकाळपासून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि बाजूला टीव्हीवर आकडे सरकत होते. दुपारी निफ्टी २१,३०० च्याही खाली गेला. सरकारी कंपन्यांचे शेअर दर मिनिटाला एकेक टक्का खाली येत होते. मी आधी दोन विकले, मग तीन. आणि मग, उरलेले ठेवून काय उपयोग, या विचाराने सगळेच विकले. त्या वीस मिनिटांत मी चुकते आहे असे मला एकदाही वाटले नाही. उलट, संकट ओळखून वेळेवर बाहेर पडल्याचे समाधान होते.

त्या दिवशी निफ्टी जवळजवळ सहा टक्क्यांनी पडून २१,८८४ वर बंद झाला. संध्याकाळी मी नियम लावून पाहिला, तर अकरापैकी फक्त चार शेअर विकायला हवे होते. तीन दिवसांनी, ७ जूनला, निफ्टी २३,२९० वर, म्हणजे पडझडीच्या आदल्या दिवशीच्याही वर बंद झाला, आणि मी नियमाबाहेर विकलेल्या सात शेअरांपैकी पाच मला पुन्हा वरच्या भावात घ्यावे लागले.

यावर कोणीही म्हणेल, आणि मीही स्वतःला तेच सांगितले, की निवडणुकीचा निकाल हे तर विशेष कारणच होते. शूहार्टच्या भाषेतही तिथे हात घालणे योग्य ठरते. पण हा युक्तिवाद टिकत नाही. मतमोजणीची तारीख निवडणूक आयोगाने १६ मार्चलाच जाहीर केली होती. माझ्याकडे ८० दिवस होते. निकालाच्या आधी सगळ्या सौद्यांचा आकार निम्मा करावा, असा नियम मी त्या ८० दिवसांत कोणत्याही संध्याकाळी शांतपणे लिहू शकले असते आणि तो अगदी रास्त ठरला असता. मी तो लिहिला नाही. विवेक वापरण्याची वेळ होती तेव्हा वापरला नाही, आणि वेळ निघून गेल्यावर जे वापरले ते विवेक नव्हते.

जुलैपासून प्रोग्रॅमच ऑर्डर टाकू लागला. दुपारी सव्वातीनला तो भाव गोळा करतो, ३:२० ला ऑर्डर पाठवतो आणि मला संदेश देतो. बाजार नियामक सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो, म्हणजे प्रोग्रॅमने आपोआप होणाऱ्या ट्रेडिंगसाठी जी चौकट जाहीर केली, तिच्यानुसार आता एपीआयने, म्हणजे प्रोग्रॅम दलालाच्या यंत्रणेला थेट जोडून, ऑर्डर टाकायच्या तर स्थिर आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा न बदलणारा क्रमांक, नोंदवावा लागतो. तेवढी व्यवस्था केली, की घरच्या साध्या संगणकावर हे सहज चालते. वेगाशी माझा काही संबंध नाही. दिवसाला दोन-चार ऑर्डर, त्याही बहुतेक दिवशी नाहीतच. मला यंत्र हवे होते ते आठव्या सौद्यासाठी.

तरीही हस्तक्षेपाचा मार्ग मी बंद केला नाही, कारण माझ्यासमोर काकांचे उदाहरण आहे. आमचे काका पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत आणि पुणे शेअर बाजार १९८२ मध्ये स्थापन झाला तेव्हापासून बाजार पाहत आहेत. कुमठेकर रस्त्यावरच्या त्या बाजाराच्या आवारात ते रोज जात. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे संगणकावरचे व्यवहार सुरू झाल्यावर तिथली वर्दळ हळूहळू आटली, पण काकांची पद्धत बदलली नाही. ते वर्षात पाच-सहा सौदे करतात. बाजार चालू असताना भाव पाहत नाहीत. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि कोल्हापूरच्या ज्या कंपन्या त्यांना माहीत आहेत, तेवढ्याच घेतात. माझ्यापेक्षा त्यांनी जास्त कमावले आहे, आणि कोणताही प्रोग्रॅम न वापरता.

एका रविवारी मी त्यांना म्हटले, “काका, तुमची पद्धत आपण नियमांत लिहून काढू. तुम्ही शेअर कधी विकता?”

ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “सर्वसाधारण सभेत साध्या प्रश्नाची उत्तरं लांबायला लागली, की विकतो.”

“म्हणजे किती लांब?”

“ते कसं सांगू गं? आधी तोच माणूस दोन वाक्यांत बोलायचा, हे माहीत असावं लागतं.”

मी वहीत ते वाक्य लिहून घेतले आणि त्यापुढे काही लिहू शकले नाही. या नियमाचा बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर तपासणी, होत नाही, त्याला आकडा नाही, आणि तरीही ती खरी माहिती आहे. असा विवेक मी मनापासून मानते. पण काकांचा विवेक आणि ४ जूनचा माझा निर्णय यांना एकाच नावाने ओळखणे चूक आहे. काका वर्षातून पाच वेळा, घरी, बाजार बंद असताना, भावांत न दिसणाऱ्या माहितीवर निर्णय घेतात. मी वीस मिनिटांत अकरा निर्णय घेतले, आणि त्या सगळ्यांमागे पडणारा भाव ही एकच माहिती होती, जी नियमालाही दिसतच होती.

मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्ये तज्ज्ञांचे अंदाज आणि ठरावीक सूत्राने काढलेले अंदाज यांची तुलना करणारे तेव्हाचे सुमारे वीस अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जवळजवळ सर्वत्र सूत्र तज्ज्ञाइतके किंवा त्याहून चांगले ठरले होते. पण त्यांनीच एक अपवादही सांगितला. अमुक माणूस अमुक वारी सिनेमाला जाणार, असे सूत्र सांगत असले आणि त्याचा पाय आजच मोडला आहे हे तुम्हाला कळले, तर सूत्र सोडून द्यावे. अडचण अशी, की तज्ज्ञाला जिकडेतिकडे मोडलेले पाय दिसू लागतात. माझ्या मते हा सगळा वाद या एका मुद्द्यावर येऊन थांबतो. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांचे हिशेबातील घोटाळ्याची कबुली देणारे पत्र बाहेर आले, तेव्हा पाय खरोखर मोडला होता. शेअर त्या एका दिवसात पाऊणशे टक्क्यांहून जास्त पडला, आणि पत्र वाचल्यावर २० दिवसांच्या नीचांकाची वाट पाहणारा माणूस नियमनिष्ठ नव्हे तर बेसावध म्हणावा लागेल.

म्हणून मी ठरवले, की हस्तक्षेपाचा निर्णय बाजार बंद झाल्यावर, साडेतीननंतरच घ्यायचा, वहीत कारण लिहायचे आणि अंमल दुसऱ्या दिवशी करायचा. सत्यमसारखी बातमी बाजार चालू असताना आली, तर या बंधनामुळे माझे नुकसान होईल, हे मला मान्य आहे. त्यासाठी कोणत्याही एका शेअरमध्ये भांडवलाच्या आठ टक्क्यांहून जास्त रक्कम न ठेवण्याची मर्यादा मी पाळते. दीड वर्षाने रकाना मोजला, तेव्हा १६३ सौद्यांत २७ हस्तक्षेप निघाले, कारण बंधन मी सुरुवातीला अनेकदा मोडले. त्यांतल्या १९ वेळा नियम पाळला असता तर बरे झाले असते. उरलेल्या आठांपैकी सहा निर्णय संध्याकाळी घेतलेले होते. २७ ही संख्या लहान आहे आणि गुणवत्ता विभागातली कोणतीही व्यक्ती तिच्यावरून ठाम निष्कर्ष काढणार नाही. पण निर्णय घेणारी व्यक्ती तीच, तिचा अनुभव तोच, आणि फरक फक्त घड्याळाचा, हे पाहून मी त्या रात्री बराच वेळ वही उघडी ठेवून बसले होते.

आता यंत्राच्या बाजूनेही तितक्याच सरळपणे बोलले पाहिजे. मागच्या वर्षी एका कंपनीने एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर मोफत, दिला. आदल्या दिवशी १,८४० असलेला भाव बोनसमुळे सकाळी ९२० च्या आसपास उघडला. माझ्या प्रोग्रॅममधले जुने भाव त्या प्रमाणात बदललेले नव्हते. त्याला शेअर एका रात्रीत निम्म्यावर आलेला दिसला, २० दिवसांचा नीचांक तुटलेला दिसला, आणि त्याने ३:२० ला माझ्याकडचे ४० शेअर विकून टाकले. काकांनी हे वर्तमानपत्र वाचून टाळले असते. तेव्हापासून एका रात्रीत भावात १८ टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर प्रोग्रॅम त्या शेअरपुरता थांबतो आणि मला विचारतो.

माझी चूक काही हजारांत भागली. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाईट कॅपिटल या कंपनीने आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेल्यामुळे सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर गमावले. जुना, बंद पडलेला कोड जागा झाला आणि ऑर्डर टाकत सुटला. अर्थात हाताने काम केले म्हणजे सुरक्षित, असेही नाही: त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला आपल्याकडे एका दलालाच्या कार्यालयातून चुकीच्या ऑर्डर गेल्या आणि निफ्टी काही क्षणांत सुमारे ९०० अंकांनी कोसळला होता. माणूस एकच चूक एकदा करतो. यंत्र तीच चूक कोणी थांबवेपर्यंत करत राहते. म्हणून प्रोग्रॅम लिहिताना ‘कधी घ्यावे’ यापेक्षा ‘कधी थांबावे’ या भागावर मी तिप्पट वेळ घालवते.

बॅकटेस्टबद्दलही एक गोष्ट सांगते. पहिला बॅकटेस्ट मी निर्देशांकातल्या आजच्या कंपन्यांची यादी घेऊन केला आणि निकाल पाहून हरखून गेले. त्या यादीत सत्यम नव्हती, युनिटेक नव्हती, येस बँक नव्हती. एकेकाळी या तिन्ही निफ्टीत होत्या. जे टिकले त्यांचीच यादी घेऊन भूतकाळात गेले, तर भूतकाळ सुंदरच दिसणार. त्या-त्या वर्षीच्या याद्या मिळवून पुन्हा तपासल्यावर परतावा बराच खाली आला, आणि दलाली, कर व स्लिपेज (ठरलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या भावातला फरक) वजा केल्यावर आणखी खाली. ५५ ऐवजी ४७ दिवस घेतले तर आकडा अधिक चांगला दिसत होता, पण ४५ आणि ४९ वर तो घसरत होता. असा एकाकी सुळका योगायोगाचा असतो, हे भोसरीतच शिकले होते, म्हणून ५५ वर थांबले.

हे सगळे लिहावेसे वाटले त्याला एक कारण आहे. पुण्यात सध्या ‘तयार अल्गो’ विकणाऱ्यांच्या शिबिरांना गर्दी होते आहे. ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी अशा एका ठिकाणी पैसे भरले. आत कोणता नियम आहे हे त्यांना सांगितले गेले नाही, फक्त दरमहा किती मिळेल ते सांगितले गेले. पहिल्या दोन महिन्यांत थोडे मिळाले आणि तिसऱ्यात त्याच्या पाचपट गेले. अशा शिबिरांत सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास पुढे केला जातो: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला, तर २०२३-२४ मध्ये परदेशी संस्थांच्या नफ्यातील ९७ टक्के आणि दलालांच्या स्वतःच्या ट्रेडिंगच्या नफ्यातील ९६ टक्के वाटा अल्गोतून आला. आकडे खरे आहेत. त्यावरून काढलेला ‘अल्गो घ्या आणि कमवा’ हा अर्थ खोटा आहे. त्या संस्थांकडे वेग, भांडवल आणि संशोधन करणारी माणसे आहेत. अल्गो हे त्यांचे हत्यार आहे, नफ्याचे मूळ नव्हे. मोबदला देऊन आणलेल्या बंद डब्यात विवेक गेलेला नसतो; तो दुसऱ्या कोणाचा तरी असतो आणि तो आपल्याला तपासता येत नाही. सेबीच्या २०२५ च्या चौकटीत ज्याचा आतला नियम ग्राहकाला दिसत नाही असा अल्गो देणाऱ्याला संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी सक्तीची केली आहे, ही मला तिच्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद वाटते. पैसे भरण्यापूर्वी निदान ती नोंदणी तरी विचारा.

गेल्या महिन्यात माझ्या लाल रकान्यात एकच नोंद झाली. एका कंपनीच्या लेखापरीक्षकांनी मुदत संपण्यापूर्वी राजीनामा दिला. ही सूचना शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर संध्याकाळी सात वाजता आली. भाव तेव्हा ५५ दिवसांच्या उच्चांकाजवळ होता आणि नियम ‘ठेवा’ म्हणत होता. मी रात्री काकांना फोन केला. त्यांनी राजीनाम्याचे कारण काय दिले आहे ते वाचून दाखवायला सांगितले, ऐकून घेतले आणि म्हणाले, “पुन्हा वाच.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेअर विकला. शेजारच्या चौकटीत, नियम पाळला असता तर काय झाले असते, तो आकडा लिहायचा आहे. शेअर अजून २० दिवसांच्या नीचांकाखाली गेलेला नाही, म्हणून ती चौकट सध्या रिकामी आहे.